जंगलयुद्धाची पाठशाळा : भारतीय सेनेतील कनिष्ठ अधिकाऱ्यांचे रणतंत्र-प्रशिक्षण (१९४१–१९४५)

प्रस्तावना

युद्धाच्या इतिहासात सेनापतींना मानाचे स्थान मिळते. मोहिमांची आखणी, सैन्याच्या हालचाली आणि जय-पराजय यांची नोंद बहुधा त्यांच्याच नावाने होते. तथापि मोहिमेची योजना कितीही निर्दोष असली, तरी रणभूमीवर ती अमलात येते ती तीस-पस्तीस सैनिकांच्या प्लॅटूनमार्फत आणि दहाएक सैनिकांच्या सेक्शनमार्फत. या लहान तुकड्यांचे नेतृत्व करणारा लेफ्टनंट, जमादार अथवा नाईक ऐनवेळी कोणता निर्णय घेतो, यावर अनेकदा संपूर्ण पलटणीचे भवितव्य अवलंबून असते. त्यामुळे कनिष्ठ अधिकाऱ्याला काय शिकवले जात होते, कसे शिकवले जात होते आणि शिकवलेले वापरण्याचा अधिकार त्याला होता किंवा नाही, हे प्रश्न लष्करी इतिहासाच्या दृष्टीने मूलभूत ठरतात.

येथे दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. युद्धसिद्धांत म्हणजे सेनेने अनुभवातून स्वीकारलेली आणि वरपासून खालपर्यंत सर्वांना शिकवली जाणारी लढण्याविषयीची सामायिक समज. रणतंत्र म्हणजे शत्रूशी प्रत्यक्ष संपर्क आल्यावर सैनिक, शस्त्रे, भूभाग आणि वेळ यांची सांगड घालण्याचे तंत्र. पहिली गोष्ट पुस्तकात लिहिता येते. दुसरीची कसोटी मैदानावरच लागते.

या दोहोंमधील नाते तपासण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सेनेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. डिसेंबर १९४१ ते मे १९४२ या सहा महिन्यांत मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश येथे या सेनेचा दारुण पराभव झाला. पुढे १९४४-४५ मध्ये याच सेनेने जपानी सैन्याला ब्रह्मदेशातून मागे रेटले. या परिवर्तनामागे नवी शस्त्रे, विमाने आणि औषधे होती, यात शंका नाही. परंतु त्याबरोबरच कनिष्ठ अधिकाऱ्याकडे पाहण्याची सेनेची दृष्टीही बदलली. स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा करणारा युद्धसिद्धांत आणि भारतीयांच्या निर्णयक्षमतेवर अविश्वास ठेवणारी वसाहतवादी रचना या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नव्हत्या, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युद्धतत्त्वे आणि हस्तपुस्तिका : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सेनेने आपल्या अनुभवाची पद्धतशीर मांडणी केली. १९२० च्या ‘फील्ड सर्व्हिस रेग्युलेशन्स’मध्ये आठ युद्धतत्त्वे प्रथमच अधिकृतपणे नमूद झाली. उद्दिष्टावरील दृढता, आक्रमक कृती, अनपेक्षितता, बलाचे केंद्रीकरण, बलाची काटकसर, सुरक्षितता, गतिशीलता आणि सहकार्य ही ती तत्त्वे होत. भारतातील सैन्यासाठीही याच नियमावलीचा आधार घेतला जाई. ही तत्त्वे सर्वसामान्य स्वरूपाची होती. एखाद्या टेकडीवर चढून जाणाऱ्या प्लॅटूनच्या प्रमुखाने काय करावे, याचे थेट उत्तर त्यांत नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती.

भारतीय सेनेजवळ मात्र लहान तुकड्यांच्या लढाईचा एक स्वतंत्र वारसा होता. वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ प्रदेशात टोळ्यांशी चालणाऱ्या संघर्षातून तो निर्माण झाला. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत या प्रकारच्या लढाईत प्रशिक्षणाअभावी किती हानी होते, याचा अनुभव आला. पुढे सरहद्दीवरील मोहिमांसाठी स्वतंत्र हस्तपुस्तिका तयार झाल्या. १९२५ ची हस्तपुस्तिका आणि तिच्या जागी आलेले १९३९ चे पुस्तक हे त्यांतील महत्त्वाचे टप्पे होत. दरीतून जाणाऱ्या मुख्य दलाच्या संरक्षणासाठी दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर लहान चौक्या बसवणे, मुख्य दल पुढे गेल्यावर त्या झटपट उठवणे आणि माघारी येताना पाठीवर येणाऱ्या शत्रूला रोखणे ही कामे सुभेदार, जमादार व नाईक यांच्यावर सोपवलेली असत. चौकी उठवण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा मानला जाई. त्या क्षणी खालच्या दरीतील अधिकाऱ्याला वरची परिस्थिती दिसत नसे. निर्णय चौकीच्या प्रमुखालाच घ्यावा लागे.

याचा अर्थ असा की, कनिष्ठ नेतृत्वाची गरज भारतीय सेनेला अपरिचित नव्हती. तथापि हे कौशल्य दीर्घ सेवा झालेल्या सैनिकांमध्ये साठलेले होते. युद्ध सुरू झाल्यावर सेनेचा विस्तार अत्यंत वेगाने झाला. १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेली सैनिकसंख्या १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात पोहोचली. नवीन पलटणी उभ्या करण्यासाठी जुन्या पलटणींतील अनुभवी अधिकारी, हवालदार व नाईक काढून घेतले जात. त्यांची जागा नवशिके घेत. शिवाय १९४०-४१ मधील प्रशिक्षणाचा रोख पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी, मोटारवाहनांवर आधारित युद्धाकडे होता. डोंगरातील जुने शहाणपण विरळ होत गेले आणि जंगलातील नवे शहाणपण अद्याप यावयाचे होते.

निर्णयाचा अधिकार कोणाला?

रणतंत्राचा विचार सेनेच्या अंतर्गत रचनेपासून वेगळा करता येत नाही. ब्रिटिश पलटणीत प्लॅटूनचे नेतृत्व सामान्यतः कमिशनप्राप्त तरुण अधिकारी करीत असे. भारतीय पलटणीत मात्र हे काम व्हाइसरॉय कमिशन्ड ऑफिसर, म्हणजेच जमादार व सुभेदार, यांच्याकडे असे. हे अधिकारी शिपाई म्हणून भरती होऊन पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर त्या पदावर पोहोचत. त्यांना सैनिकांची भाषा, चालीरीती व मनःस्थिती यांची उत्तम जाण असे. तथापि कितीही अनुभव असला, तरी त्यांचे स्थान नवख्या ब्रिटिश लेफ्टनंटच्या खालीच राही. युद्धपूर्व काळात एका भारतीय पायदळ पलटणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांची संख्या साधारणपणे डझनभरच असे. लढाईत त्यांतील तीन-चार अधिकारी जखमी अथवा मृत झाले, की पलटणीचे निर्णयकेंद्रच खिळखिळे होई.

अधिकारीवर्गात भारतीयांना प्रवेश मिळावा, ही मागणी भारतीय राजकारणात दीर्घकाळ होत होती. १९२३ मध्ये ‘आठ पलटणींची योजना’ जाहीर झाली. या योजनेनुसार भारतीय अधिकारी निवडक आठ पलटणींमध्येच नेमले जावयाचे होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण त्यांपैकी एक होती. वरकरणी सुधारणा वाटणाऱ्या या योजनेचा एक उघड परिणाम असा होता की, ब्रिटिश अधिकाऱ्याला भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग येऊ नये. शिवाय या पलटणींमध्ये पुढे भारतीय कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांना प्लॅटूनप्रमुख म्हणून, म्हणजे पूर्वी जमादार-सुभेदार करीत असलेल्या कामावर नेमण्यात येऊ लागले. त्यामागील अवमूल्यन या अधिकाऱ्यांना जाणवत होते.

मोतीलाल नेहरू व महंमद अली जिना यांचा समावेश असलेल्या स्कीन समितीने १९२६ मध्ये भारतात स्वतंत्र लष्करी महाविद्यालय स्थापन करण्याची आणि आठ पलटणींची मर्यादा रद्द करण्याची शिफारस केली. पहिली शिफारस काही वर्षांनी अमलात आली. डेहराडून येथील इंडियन मिलिटरी अकॅडमी ऑक्टोबर १९३२ मध्ये चाळीस छात्रांनिशी सुरू झाली. महाराष्ट्रात डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिक येथे १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले, तेही भारतीय तरुणांना लष्करी शिक्षण मिळावे या मागणीच्या पार्श्वभूमीवरच होय. दुसऱ्या शिफारशीला मात्र युद्धाची वाट पाहावी लागली. भारतीय अधिकाऱ्यांना सर्व पलटणींची दारे १९४० मध्ये खुली झाली. युद्धाच्या आरंभी, वैद्यकीय शाखा वगळता, भारतीय कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांची संख्या सुमारे चारशे होती.

मलाया आणि ब्रह्मदेश : पराभवाचे स्वरूप

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायातील कोटा भारू येथे उतरले. ११ ते १३ डिसेंबरच्या दरम्यान जित्रा येथे अकराव्या भारतीय डिव्हिजनची फळी कोसळली. जपानी आघाडीच्या दलात अवघे काहीशे सैनिक व थोडे रणगाडे होते. डिव्हिजनच्या पुढे असलेली चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण मुसळधार पावसात, रस्त्यावर गाठली गेली आणि विस्कळीत झाली. तिच्यातील बहुसंख्य सैनिकांनी त्यापूर्वी रणगाडा पाहिलेलाही नव्हता.

७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीजवळ याचीच अधिक भीषण आवृत्ती घडली. पहाटेच्या अंधारात जपानी रणगाडे मुख्य रस्त्याने घुसले आणि काही तासांत सुमारे तीस किलोमीटर आत गेले. दोन ब्रिगेडी जवळजवळ नष्ट झाल्या. या घटनेत रणतंत्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, पुढच्या पलटणींवर काय ओढवले आहे, याची वार्ता मागच्या पलटणींपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांतील काही रस्त्यावरून रांगेने कूच करीत असतानाच रणगाड्यांच्या माऱ्यात सापडल्या. माहिती वरून खाली येण्याची वाट पाहण्याची सवय आणि खालच्या पातळीवर स्वतंत्र हालचालीचा अभाव, यांची ही किंमत होती.

जपानी रणतंत्र गुंतागुंतीचे नव्हते. समोरून शत्रूला गुंतवून ठेवावयाचे, जंगलातून बगल मारून त्याच्या पिछाडीस जावयाचे आणि रस्त्यावर अडथळा उभारावयाचा, एवढाच त्याचा गाभा होता. भारतीय व ब्रिटिश दले रसद, तोफा आणि मोटारगाड्या यांसाठी रस्त्याला बांधलेली होती. पिछाडीस अडथळा उभा राहिला, की आपण वेढले गेलो अशी भावना पसरे व माघारीचे आदेश निघत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्यानंतर आठवड्याभरातच, २३ फेब्रुवारीच्या पहाटे, ब्रह्मदेशात सितांग नदीवरील पूल उडवावा लागला. त्या वेळी सतराव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावरच अडकलेला होता. ८ मार्च रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले.

सिंगापूरच्या शरणागतीत चाळीस हजारांहून अधिक भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. जित्राजवळ विखुरलेल्या त्याच चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील कॅप्टन मोहनसिंग यांनी आझाद हिंद सेनेची प्रथम उभारणी केली. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यातील खटल्यात उभे राहिलेले शाहनवाझ खान व गुरुबक्षसिंग धिल्लन हेही याच पलटणीचे. ही पलटण मूळ आठ पलटणींपैकी एक होती, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. राष्ट्रीय भावना, युद्धकैदेची परिस्थिती व वैयक्तिक निर्णय या सर्वांचा त्यात वाटा होता. परंतु ज्यांना अधिकारी म्हणून प्रशिक्षित केले आणि अधिकारी म्हणून पूर्ण विश्वास मात्र दिला नाही, त्यांच्या निष्ठेचा प्रश्न केवळ शिस्तीचा उरत नाही. त्याची मुळे सेनेच्या रचनेत शोधावी लागतात.

पराभवाचे परीक्षण आणि नवे प्रशिक्षण

पराभवाचे परीक्षण लगेच सुरू झाले. मलायात आपल्या स्कॉटिश पलटणीला युद्धापूर्वीच जंगलात प्रशिक्षण देणारे लेफ्टनंट कर्नल इयन स्ट्युअर्ट यांना सिंगापूर पडण्यापूर्वी बाहेर काढून भारतात पाठवण्यात आले. त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने देऊन अनुभव सांगितला. सेनेच्या मुख्यालयाकडून निघणाऱ्या प्रशिक्षणविषयक पत्रकांतूनही जपानी पद्धतींची माहिती प्रसृत होऊ लागली. तरीही परीक्षण आणि परिवर्तन यांत अंतर राहिले. डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झालेल्या आराकानच्या पहिल्या मोहिमेत चौदाव्या भारतीय डिव्हिजनला डोनबाइक येथील जपानी मोर्च्यांवर वारंवार समोरून हल्ले करावे लागले. ते निष्फळ ठरले आणि मे १९४३ पर्यंत सैन्य जवळपास मूळ जागी परतले. पत्रके निघाली होती. पण ती वाचून समजून घेण्याइतके प्रशिक्षण तुकड्यांना मिळालेले नव्हते.

जून १९४३ मध्ये पायदळाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक समिती बसली. पायदळाकडे चांगले शिक्षित तरुण येत नाहीत, ते तांत्रिक शाखांकडे वळतात, ही बाब समितीसमोर आली. भरती झालेल्या जवानाला जंगलयुद्धाची ओळख न होताच आघाडीवर पाठवले जाते, हा दोषही स्पष्ट झाला. यानंतरच्या व्यवस्थेत रेजिमेंटच्या केंद्रावर नऊ महिन्यांचे प्राथमिक शिक्षण आणि त्यानंतर दोन महिन्यांचे जंगलयुद्धाचे शिक्षण असा क्रम ठरला. त्यासाठी दोन डिव्हिजनांचे रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनांत करण्यात आले. एकोणचाळिसावी डिव्हिजन सहारनपूरच्या परिसरात आणि चौदावी डिव्हिजन तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडातील छिंदवाडा येथे काम करू लागली. आराकानमध्ये हरलेली डिव्हिजनच आता सातपुड्याच्या जंगलात नवसैनिकांना शिकवू लागली, ही घटना अर्थपूर्ण आहे. पराभवाचा अनुभव वाया न घालवता तो अभ्यासक्रमात उतरवला गेला. पायदळाचे संचालक म्हणून मेजर जनरल रेजिनाल्ड सॅव्हरी यांनी या व्यवस्थेला दिशा दिली.

याच सुमारास, सप्टेंबर १९४३ मध्ये, नवव्या क्रमांकाच्या लष्करी प्रशिक्षण पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तिला किपलिंगच्या प्रसिद्ध पुस्तकाची आठवण करून देणारे ‘द जंगल बुक’ हे नाव देण्यात आले. छायाचित्रे, व्यंगचित्रे आणि सोपी भाषा यांमुळे ती आधीच्या रूक्ष पुस्तिकांपेक्षा वेगळी ठरली. तिचा वाचक सेनापती नव्हता, प्लॅटूनप्रमुख होता. गस्त कशी घालावी, दबा कसा धरावा, मुक्कामाची जागा कशी निवडावी, पाणी व आरोग्य कसे सांभाळावे, ही तिची मुख्य प्रकरणे होत.

अधिकाऱ्यांची निवड करण्याची पद्धतही बदलली. बंगलोर, महू व बेळगाव येथील अधिकारी प्रशिक्षण शाळांतून आणीबाणीच्या कमिशनसाठी उमेदवार तयार होत होते. कुटुंबाची प्रतिष्ठा किंवा मुलाखतीतील ठसा यांवर भर देणारी जुनी निवड अपुरी ठरत असल्याने १९४३ पासून निवड मंडळांची नवी पद्धत सुरू झाली. मानसशास्त्रीय चाचण्या आणि गटातील कामगिरी यांवरून उमेदवाराची निर्णयक्षमता पाहण्याचा तीत प्रयत्न होता. युद्ध संपेपर्यंत भारतीय अधिकाऱ्यांची संख्या आठ हजारांहून अधिक झाली.

प्लॅटूनची योजना : आकलनापासून आदेशापर्यंत

या काळात कनिष्ठ अधिकाऱ्याला शिकवल्या जाणाऱ्या नियोजनपद्धतीचे स्वरूप पाहणे उपयुक्त ठरेल. तिचा पहिला भाग परिस्थितीच्या आकलनाचा होता. प्रथम उद्दिष्ट निश्चित करावयाचे. ते एकच आणि स्पष्ट असले पाहिजे. त्यानंतर त्यावर परिणाम करणारे घटक विचारात घ्यावयाचे. शत्रूचे बळ व संभाव्य हेतू, आपले बळ, भूभाग, उपलब्ध वेळ आणि हवामान हे ते घटक होत. प्रत्येक घटकावरून ‘म्हणून काय?’ या प्रश्नाचे उत्तर निघाले पाहिजे, अन्यथा ती केवळ माहिती ठरते. पुढे आपल्यासमोरचे व शत्रूसमोरचे पर्याय मांडावयाचे आणि त्यांतून एका पर्यायाची निवड करून योजना तयार करावयाची.

दुसरा भाग आदेशाचा होता. आदेश पाच शीर्षकांखाली दिला जाई: माहिती, हेतू, पद्धत, प्रशासन आणि संपर्क. यातील ‘हेतू’ सर्वांत संक्षिप्त, बहुधा एका वाक्याचा असे. त्याचे महत्त्व मात्र सर्वाधिक होते. पद्धत परिस्थितीनुसार मोडू शकते. प्लॅटूनप्रमुख पडला, वाट चुकली किंवा शत्रू अनपेक्षित जागी भेटला, तरी हेतू माहीत असलेला नाईक काम पुढे नेऊ शकतो. हेतू माहीत नसलेला नाईक मात्र पुढच्या आदेशाची वाट पाहत बसतो. जंगलात दृष्टी पंधरा-वीस पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि कंपनीप्रमुखाला आपल्याच प्लॅटून दिसत नाहीत. अशा ठिकाणी हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

या पद्धतीचा सराव सैनिकांविना, प्रत्यक्ष जमिनीवर उभे राहून किंवा वाळूत भूभागाची प्रतिकृती करून घेतला जाई. अधिकाऱ्यांना एक प्रसंग सांगून ठरावीक वेळेत योजना मांडावयास लावत आणि नंतर तिची चिकित्सा होई. याच्या जोडीला ब्रिटनमध्ये १९४२ च्या सुमारास प्रचलित झालेली ‘बॅटल ड्रिल’ ही पद्धतही आली. सेक्शनचा ब्रेनगन गट गोळीबाराने शत्रूला दडपून ठेवील आणि रायफल गट बगलेने पुढे सरकेल, अशा हालचाली कवायतीप्रमाणे घोटून घेतल्या जात. पहिल्या गोळीबरोबर गोंधळणाऱ्या नवशिक्यांना तिचा मोठा आधार होता. परंतु कवायत हीच योजना समजली जाण्याचा धोकाही होता. प्रत्येक प्रसंगी डावीकडून बगल मारणारी तुकडी शत्रूलाही लवकरच ओळखू येते. म्हणून कवायत ही विचारासाठी वेळ वाचवण्याचे साधन आहे, विचाराला पर्याय नव्हे, हे शिक्षकांना पुनःपुन्हा बजावावे लागे.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षणीय नव्हता. शिक्षणाचे माध्यम रोमन लिपीतील उर्दू होते. मराठा, तमिळ, गढवाली किंवा कुमाऊँनी जवानाला ती शिकावी लागे आणि घाईने भरती झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यालाही ती जेमतेम येत असे. आदेशाचा ‘हेतू’ शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचवावयाचा, तर तो समजेल अशा भाषेत सांगणारा मधला दुवा आवश्यक होता. सुभेदार-जमादारांचे आणि भारतीय कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांचे रणतंत्रातील महत्त्व येथे प्रकर्षाने जाणवते.

कसोटी : आराकान ते कांगॉ

ऑक्टोबर १९४३ मध्ये लेफ्टनंट जनरल विल्यम स्लिम यांनी चौदाव्या सेनेची सूत्रे हाती घेतली. पिछाडीस शत्रू आला, तर आपण नव्हे तर तोच वेढला गेला आहे असे मानावयाचे, अरुंद आघाडीवर समोरून हल्ले टाळावयाचे आणि लढाईच्या क्षेत्रात कोणालाही बिनलढाऊ समजावयाचे नाही, ही त्यांच्या शिकवणीची सूत्रे होती. प्रथम लहान गस्तींना यश मिळवू द्यावयाचे, मग मोठ्या बळाने लहान जपानी ठाण्यांवर हल्ले करावयाचे, अशा पायऱ्यांनी आत्मविश्वास वाढवण्यात आला.

फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानमधील सिंझवेया येथे या शिकवणीची परीक्षा झाली. जपानी सैन्याने सातव्या भारतीय डिव्हिजनचे मुख्यालय उधळून लावले आणि पिछाडीचा तळ वेढला. दोन वर्षांपूर्वी अशा स्थितीत माघार झाली असती. या वेळी कारकून, खेचरवाले, वैद्यकीय कर्मचारी यांच्यासह सर्वांनी तळ राखला. विमानांतून रसद मिळत राहिली आणि अखेरीस वेढा घालणाऱ्यांनाच मागे फिरावे लागले. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येस संगशाक येथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने केलेल्या प्रतिकारात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण सहभागी होती. तेथून अखेर माघार घ्यावी लागली, तरी जपानी दलांचे मोलाचे दिवस तेथे खर्ची पडले.

आरोग्य हाही रणतंत्राचाच भाग ठरला. स्लिम यांनी नमूद केल्यानुसार १९४३ मध्ये जखमी म्हणून हलवलेल्या प्रत्येक सैनिकामागे १२० सैनिक आजारी म्हणून हलवावे लागत होते. मलेरियाविरोधी मेपाक्रीनची गोळी प्रत्येक जवान खरोखर गिळतो की नाही, हे पाहण्याचे काम अखेर प्लॅटूनप्रमुखाचेच होते. येथेही वरच्या आदेशाचे यश खालच्या अधिकाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून राहिले.

या परिवर्तनाचे सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी १९४५ मधील कांगॉची लढाई होय. आराकानच्या किनाऱ्यामागील रस्त्याने माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची वाट अडवण्यासाठी कमांडो ब्रिगेड आणि एकावन्नावी भारतीय ब्रिगेड कांगॉ येथे उतरवण्यात आली. या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: लेफ्टनंट कर्नल के. एस. थिमय्या, लेफ्टनंट कर्नल एल. पी. सेन आणि लेफ्टनंट कर्नल एस. पी. पी. थोरात. महाराष्ट्राचे सुपुत्र असलेल्या थोरात यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने ‘मेलरोझ’ हे सांकेतिक नाव असलेली टेकडी संगिनींच्या हल्ल्याने जिंकली. तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले. मलायात ज्या रस्ता-अडथळ्याने भारतीय पलटणींचा घात केला होता, तेच तंत्र आता भारतीय प्रमुखांच्या नेतृत्वाखालील भारतीय पलटणींनी जपान्यांविरुद्ध वापरले. भारतीय अधिकारी लढाईत पलटण हाताळू शकतील काय, हा दोन दशके चर्चेत असलेला प्रश्न तेथे निकालात निघाला.

मर्यादा

या यशाचे संपूर्ण श्रेय प्रशिक्षणाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४४ पर्यंत दोस्त राष्ट्रांनी हवाई वर्चस्व मिळवले होते. विमानांद्वारे रसद, भरपूर तोफखाना, रणगाडे आणि सुधारलेली वैद्यकीय सेवा यांचा वाटा मोठा होता. जपानी सैन्याची रसदव्यवस्था इंफाळ-कोहिमाच्या मोहिमेत कोलमडली. तथापि साधनांची विपुलता ही स्वतःहून लढाई जिंकत नाही. विमानातून टाकलेली रसद उपयोगी पडावयाची, तर वेढलेल्या तुकडीने जागा न सोडण्याचा निर्णय आधी घेतलेला असावा लागतो.

दुसरी मर्यादा राजकीय होती. भारतीय अधिकाऱ्यांना मिळालेला विश्वास हा तत्त्वापेक्षा गरजेतून आलेला होता. सर ऑकिन्लेक यांच्यासारख्या सेनाप्रमुखांनी भेदभाव दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे खरे. परंतु युद्ध संपेपर्यंत ब्रिगेड आणि त्यावरील पदे जवळजवळ पूर्णतः ब्रिटिशांकडेच राहिली. १९४५ मध्ये थिमय्या यांच्याकडे लढाईच्या काळात आलेले ब्रिगेडचे नेतृत्व हा अपवाद होता. त्यामुळे १९४७ मध्ये भारतीय सेनेजवळ प्लॅटून, कंपनी व पलटण या पातळ्यांवर कसोटीस उतरलेले नेतृत्व होते, उच्च पातळीवरील नियोजनाचा अनुभव मात्र अल्प होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) युद्धसिद्धांत ग्रंथबद्ध झाल्याने सेना बदलत नाही. १९२० ची युद्धतत्त्वे १९४२ मध्येही तीच होती. बदलली ती त्यांना प्लॅटूनच्या पातळीवर उतरवणारी शिक्षणव्यवस्था.

२) रणतंत्राच्या नियोजनात हेतूचे स्पष्ट कथन आणि पद्धतीचे स्वातंत्र्य यांचा समतोल निर्णायक ठरतो. दृष्टी व संपर्क मर्यादित असलेल्या भूभागात त्याची आवश्यकता अधिक असते.

३) पराभवाचे तत्पर व प्रामाणिक परीक्षण उपयोगी असते, परंतु त्याला संस्थात्मक रूप मिळाल्याशिवाय ते फलदायी होत नाही. १९४२ ची पत्रके आणि १९४३ नंतरच्या प्रशिक्षण डिव्हिजना यांच्या परिणामांतील अंतर हेच दर्शवते.

४) कनिष्ठ अधिकाऱ्याकडून स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा करणे आणि त्याला समान दर्जा नाकारणे या परस्परविरोधी गोष्टी होत. वसाहतवादी सेनेने हा विरोध दीर्घकाळ सांभाळला आणि त्याची किंमत मलायात मोजली.

स्वातंत्र्योत्तर काळात महू येथील इन्फन्ट्री स्कूल आणि तिची बेळगाव येथील ज्युनिअर लीडर्स विंग यांसारख्या संस्थांनी कनिष्ठ नेतृत्वाच्या शिक्षणाची परंपरा पुढे चालवली. काश्मीरमध्ये १९४७-४८ साली ती लगेच उपयोगी पडली. नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरच्या बचावासाठी लढणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख एल. पी. सेन हेच होते. कांगॉच्या टेकड्यांवर जे शिकले गेले, ते तीन वर्षांच्या आत स्वतंत्र देशाच्या संरक्षणासाठी खर्ची पडले. परकीय सत्तेच्या सेनेत, परकीय सत्तेच्या गरजेतून आणि मोठ्या पराभवानंतर मिळालेला निर्णयाचा हा अधिकार पुढे भारतीय सेनेने आपला म्हणून जोपासला. छिंदवाड्याच्या जंगलात नकाशा हाती घेऊन आदेशाचा हेतू एका वाक्यात सांगावयास शिकणारा तरुण अधिकारी हा या इतिहासातील दुर्लक्षित, परंतु मध्यवर्ती घटक होय.